रिकाम्या पेटीवर एकशे दहा वॅट

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावास्या लागते, ओसाड रस्ता लागतो. इथे त्यातलं काहीही मिळणार नाही. हे घडलं भर दुपारी, कडक उन्हात, एका चारमजली इमारतीच्या गच्चीवर. पदरचा एक शब्द यात घातलेला नाही. पटत नसेल तर राहू द्या. जिच्या बाबतीत घडलं ती बाई आजही रोज सकाळी त्या गच्चीवर जाते, आणि का जाते ते विचारलं तर तोंडावर सांगते.

तिला सगळे वायरताई म्हणतात. घरांची वायरिंग, पंपाच्या मोटारी, मिक्सर, पंखे, जे म्हणून जळतं ते ती दुरुस्त करते. तोंड फटकळ, पण कामाला वाघ. घरात ती आणि तिचे वडील, आप्पा. आप्पांची फुप्फुसं कामातून गेलेली. नाकाला नळी, आणि उशाशी ऑक्सिजनचं छोटं मशीन. आप्पांनी श्वास ओढला की मशीन तेवढ्यापुरती हवा सोडायचं.

फुस्स... टक. फुस्स... टक.

चोवीस तास तो आवाज. झोपेतसुद्धा तिचा एक कान त्याच्यावर असायचा.

त्या भागात वीज म्हणजे मनात येईल तेव्हा येणार आणि जाणार. म्हणून तिने आणि धाकट्या भावाने मिळून सोलर जनरेटर घ्यायचं ठरवलं. म्हणजे मोठ्या बॅटरीची एक पेटी आणि उन्हात मांडायची घडीची पॅनेलं. भाऊ लोकांना डोंगरावर तंबूत राहायला न्यायचा, त्यालाही तिथे दिव्यांसाठी पेटी हवीच होती.

दुकानात दोघांची चांगलीच जुंपली. भावाला हवी होती हलकी, एका हातात उचलता येईल अशी. त्या पेटीवर आप्पांचं मशीन जेमतेम चार तास चाललं असतं.

"तुझ्या तंबूतले दिवे गेले तर लोक चांदणं बघतील," वायरताई म्हणाली. "इथे दिवा गेला तर मी काय बघू?"

भावाने हलकी पेटी परत फळीवर ठेवली. मोठी पेटी नवीन घ्यायची तर आवाक्याबाहेर. शेवटी जुन्या मालाच्या दुकानात एक मिळाली. चाकांची, दणकट, दोनच महिने वापरलेली, सोबत दोन पॅनेलं. तिने पिशवीतून आपला शंभर वॅटचा बल्ब काढला, पेटीला लावला आणि दुकानातच स्टूल ओढून बसली. छापलेल्या आकड्यांवर तिचा काडीचा विश्वास नाही. पाच तास बल्ब जाळला, दर अर्ध्या तासाने डिस्प्ले बघितला. दुकानदाराने दोनदा चहा पाजला आणि तिसऱ्यांदा हात जोडले. पेटी खणखणीत निघाली. आप्पांचं मशीन एकशे दहा वॅट खायचं. एका चार्जिंगवर सोळा तास आरामात.

एकच गोष्ट तिने केली नाही. पेटी आधी कोणाची होती, ते विचारलं नाही. दुरुस्तीच्या धंद्यातली तिची रीतच तशी. वस्तू बघायची, मालक नाही. लोकांच्या घरच्या भानगडी ऐकत बसलं तर मोटार कधी खोलायची? आयुष्यभर या रीतीने तिचं भलंच झालं होतं.

पेटी पहिल्यांदा भाऊ डोंगरावर घेऊन गेला. परत आला तो जरा उतरलेल्या चेहऱ्याने. म्हणाला, पॅनेलं बिघडली आहेत बहुतेक, दुपारी बाराला ऊन ऐन रंगात आलं की चार्जिंग निम्म्यावर येतं. तिने त्याला वेड्यात काढलं. तंबूच्या सावलीत मांडली असशील, म्हणाली.

पुढच्याच महिन्यात वादळ झालं.

खांब आडवे झाले, झाडं रस्त्यावर पडली. वीज कंपनीने तीन दिवस सांगितले. दवाखान्याची गाडी येऊ शकत नव्हती. घरात आणीबाणीचा एक सिलिंडर होता, चार तासांचा. आप्पांचा बाकीचा सगळा श्वास आता त्या पेटीवर होता.

दुपार उलटल्यावर वीज गेली; संध्याकाळ आणि रात्रीचा बराच भाग भरलेल्या पेटीवर निघाला. उरलेली रात्र सिलिंडरच्या टेकूने काढली, त्यात दोन तास गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीत बारा टक्के उरले होते, पण आभाळ लख्ख होतं. तिने पॅनेलं गच्चीवर मांडली, केबल खिडकीतून खाली आप्पांच्या खोलीत सोडली. तीनशे वीस वॅट येऊ लागले. तिच्या जिवात जीव आला.

बरोबर बारा वाजता आकडा पडला...

एकशे चाळीस.

ती धावत गच्चीवर गेली. आभाळात ढगाचा ठिपका नाही. केबल ठीक. जोड ठीक.

मग तिने पॅनेलकडे बघितलं...

त्यावर सावली पडली होती. डोकं, खांदे, खाली लोंबणारे हात.

तिने मागे वळून बघितलं. गच्ची रिकामी. ऊन डोक्यावर, तिची स्वतःची सावली पायांपाशी गोळा झालेली. ही मात्र लांबच लांब, संध्याकाळच्या उन्हात पडते तशी.

तिने पॅनेल उचललं, दुसऱ्या कोपऱ्यात नेलं.

सावली तिथे आली...

तिने ते टाकीच्या पलीकडे नेलं.

तिथेही.

घाबरली का? घाबरलीच. पण खाली आप्पा होते, आणि पेटीत बावीस टक्के. भीतीपेक्षा राग मोठा झाला. ती पॅनेलसमोर मांडी ठोकून बसली.

"ऐक," ती म्हणाली. "तू कोण, कुठला, मला घेणंदेणं नाही. माझ्या बापाच्या हवेत आडवा येणारा जिवंतपणी कोणी भेटला नाही, मेलेल्याचं काय घेऊन बसलास. काय हवंय ते बोल, नाहीतर बाजूला हो."

सावली हलली नाही. फक्त खांदे वरखाली होत होते. भरभर, चार जिने चढून आलेल्या माणसासारखे.

इतक्यात खालून आप्पांनी हाक मारली. त्यांचा आवाज एवढा वर यायचा नाही एरवी. ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरली. आप्पा ठीक होते. मशीन चालू होतं.

फुस्स... टक.

आणि त्याच्या मागोमाग, पेटीच्या बाजूने...

फुस्स... टक.

मशीन एकच. आवाज दोन.

तिने डिस्प्ले बघितला. पेटीतून दोनशे वीस वॅट जात होते. पेटीला वायर एकच लावलेली, आप्पांच्या मशीनची. या हिशेबाने पेटी संध्याकाळही बघणार नव्हती.

आप्पा पेटीकडे बघत होते. "दमलंय गं कुणीतरी," ते म्हणाले. "मघापासून इथे बसलंय."

तिने आप्पांना सिलिंडरवर घेतलं आणि मशीनची वायर पेटीतून उपटली. कामातली साधी गोष्ट. लोड काढला की आकडा शून्यावर आलाच पाहिजे.

आला नाही...

एकशे दहा.

काहीही न लावलेल्या, रिकाम्या पेटीतून कोणीतरी आप्पांच्या मशीनइतकीच वीज ओढत होतं. तिने पेटीच्या बटणावर बोट ठेवलं. बंद केली की सुटला प्रश्न. क्षणभर दाबायचं, पुन्हा चालू करायचं, बास.

तेवढ्यात तो आवाज बदलला. फुस्स फुस्स फुस्स. घाईघाईने, एकावर एक. हा आवाज ती ओळखून होती. गेल्या वर्षी एका रात्री आप्पांची नळी निसटली होती, तेव्हा आप्पांनी असाच श्वास ओढला होता.

तिचं बोट बटणावरून निघालं. ती मटकन खाली बसली आणि रडली. धाय मोकलून रडली. आयुष्यात कोणाला भीक न घालणारी बाई एका पेटीपुढे हरली, असं तिला वाटलं.

"त्यालाही राहू दे की," आप्पा म्हणाले.

"दोघांना पुरत नाही, आप्पा."

"मग पुरेल असं कर. तुला काय अवघड आहे?"

हे त्यांनी असं म्हटलं, जणू पाहुणा आलाय आणि ताट वाढवायचंय. तिने डोळे पुसले, आप्पांची वायर परत जोडली आणि पुन्हा गच्चीवर गेली. सावली तिथेच होती.

"बंद करत नाही," ती म्हणाली. "पण उन्हात उभा राहिलास तर तूही जाशील आणि आप्पाही. हो बाजूला. आणि आप्पांच्या वाटचं एक वॅट जरी घेतलंस ना, तर पेटीचा स्क्रू न् स्क्रू वेगळा करीन. मला येतं ते."

मग सावली पॅनेलवरून सरकली... आणि टाकीच्या भिंतीला टेकून खाली बसली.

तीनशे वीस.

दुपारी तीनला भाऊ पडलेल्या झाडांवरून चालत, पाठीवर मागाहून तंबूंसाठी घेतलेली चार पॅनेलं आणि एक हलकी पेटी बांधून आला. तिने त्याला फक्त एवढंच सांगितलं की लोड वाढलाय. चारही पॅनेलं मांडली. दोन दिवस दोघं उन्हाप्रमाणे ती फिरवत राहिले. खोलीत दोन श्वास चालू होते. भावानेही ऐकले. आणि तो पुढचं पॅनेल फिरवायला वर गेला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वीज आली. आप्पा चहा मागत होते.

मोबाईल लागल्या लागल्या तिने जुन्या मालाच्या दुकानदाराला फोन केला आणि जन्मात पहिल्यांदा मालक विचारला. तो आधी टाळत राहिला. मग म्हणाला, एक बाई देऊन गेली, नाव-पत्ता ठेवला नाही. तिच्या नवऱ्याला असंच श्वासाचं मशीन होतं. पावसाळी दिवसांत पेटीचं चार्जिंग संपलं. गरज उरली नाही, म्हणाली.

भाऊ म्हणाला, पेटी नेऊन टाकू. तिने साफ नकार दिला. त्या दिवसापासून पेटी आप्पांच्या खोलीतच, चालू. आप्पांचं मशीन भिंतीच्या विजेवर. पेटीला काहीही लावलेलं नाही. डिस्प्लेवर एकशे दहा. रोज सकाळी पॅनेलं गच्चीवर. ढगाळ दिवस असेल तर ती पेटीला घरची वीज जोडते. शेजारी हसतात. हसू देत, म्हणते.

आप्पा पुढच्या थंडीत गेले. झोपेत, शांतपणे. मशीन चालू होतं, पेटी भरलेली होती, कसलीच कमतरता नव्हती. त्यांची वेळ झाली होती, एवढंच. दुसऱ्या दिवशी दवाखान्याचा माणूस येऊन मशीन घेऊन गेला. खोली एकदम मोठी वाटायला लागली.

वायरताई रिकाम्या पलंगावर बसून होती. भाऊ दारात उभा. तो हळूच म्हणाला, आता तरी पेटी बंद करू या, ताई.

"कर," ती म्हणाली. "तुझ्या हाताने कर."

तो पेटीपाशी वाकला आणि तसाच राहिला...

डिस्प्लेवर दोनशे वीस होते.

भाऊ सरळ झाला. दोघांनी कान देऊन ऐकलं. एक श्वास घाईचा, आणि एक संथ, ओळखीचा.

त्याला आता दोन वर्षं झाली. कोणी म्हणतं, पेटीत बिघाड आहे. असेल. तिने आजवर हजार वस्तू खोलल्या, ही खोलायला तिचा हात धजत नाही. आप्पांना तिथे बरं वाटतंय की ते अडकलेत, हे तिला कळत नाही, आणि तेवढ्या एका विचाराने ती कधीकधी भर दुपारी घामाघूम होते. पण बंद कर म्हणणाऱ्याला ती अजून दारातूनच परत पाठवते.

मागच्या आठवड्यात तिने आणखी दोन पॅनेलं घेतली. का, ते सांगितलं नाही. डिस्प्लेवर मात्र तिने आता कापड टाकलंय; टाकताना भावाला आकड्याची सुरुवात तेवढी दिसली, तीनशे.