गल्ल्यावरचा खोकला

पवन गल्ल्यावर बसायला आला, त्या पहिल्याच दिवशी आमची नजरानजर झाली... आणि तो खोकला. पाठोपाठ जिन्यावरून मालक उतरले. साड्यांच्या गठ्ठ्यावर जरा टेकलेली मी ताडकन उठले.

परळीतल्या आमच्या साड्यांच्या दुकानात मालकांचा, म्हणजे मोहनरावांचा, कायदाच होता – गिऱ्हाईक असो नसो, पोरींनी बसायचं नाही. बसलेली दिसली की घरी. माझ्या आधीची करिष्मा अशीच गेली. दुपारपर्यंत पोटऱ्यांत गोळे यायचे, संध्याकाळी चपलेत पाऊल मावायचं नाही. पण घरात पगार माझा एकटीचाच, नोकरी सोडून कसं भागणार?

पुढेही रोज तेच. मी टेकले की पवन खोकणार आणि मालक हजर. माझी खात्रीच पटली, हा मालकांचा हेर. गोगलगाय नि पोटात पाय! त्यात डोळे असे गहिरे, की भोळ्या पोरीनं फसावंच. मी नव्हते फसणार.

एकदा चहाच्या वेळी तो जवळ आला.

“पंचशीला... पाय लई दुखतेत का तुमचे?”

“तुमाला कशाला चौकशी? मालकांना सांगायला?”

“असं वाटतंय व्हय तुमाला?” तो हसला.

“उद्यापासून मी बसले की खोकायचं न्हाई.”

“बरं... तुमी म्हणाल तसं.”

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम ऐटीत टेकले. पवननं तोंडावर रुमाल दाबला. चेहरा लालबुंद, डोळ्यांनी सारखा खुणावतोय. निर्लज्ज कुठला, म्हणत मी मान फिरवली... तर समोर मालक उभे.

जिना फक्त गल्ल्यावरून दिसतो, हे तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं. तो मालकांना बोलवत नव्हता, मला उठवत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“उद्यापासून येऊ नको,” मालक म्हणाले.

पवन गल्ला सोडून आला. “मालक, यांचे पाय बघा, कसे सुजलेत. यांना काढलं तर मी बी चाललो.”

“तू कोण रे तिचा?”

“अजून तर... कोणी न्हाई.”

तो माझ्याकडे बघत होता. मला तो आवडत होता, पहिल्या दिवसापासून, आणि संशयाच्या आड मी तेच लपवत होते.

“होतील लवकरच, मालक,” मी म्हणाले. बसूनच.

मोहनरावांनी कपाळाला हात लावला. “बस मंग. पण गिऱ्हाईक आलं की उठायचं.”

तेवढ्यात गिऱ्हाईक आलंच. मी उठले. पवन मात्र गल्ल्यावर जायचं विसरून तिथंच उभा राहिला.