बाईंचा बोर्ड पुन्हा बिघडला

"अहो, अहो! मारू नका त्याला!"

दारातून आवाज आला आणि सातवीच्या गणिताच्या बाई टेबलावर उभ्या होत्या तशाच गोठल्या. हातात डस्टर, बाह्या सरसावलेल्या, नि समोर भिंतीवर नुकताच बसवलेला डिजिटल बोर्ड... काळाठिक्कर! दारात एक तरुण उभा होता. खांद्याला हत्यारांची पिशवी आणि ओठांत दाबून धरलेलं हसू.

"मारत नव्हते," ती म्हणाली. "थोपटत होते."

"डस्टरनं?" तो आत आला. "मी बोर्डवाला. तक्रार केली होती ना तुम्ही?"

त्यानं वाकून टेबलामागचं बटण दाबलं. बोर्ड लख्ख उजळला.

"याला वीज लागते, बाई."

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं तिला! "हे... कुणाला सांगणार नाही ना?"

"'जोडणी दुरुस्त केली' असं लिहितो. चालेल?"

चालेल काय, धावेल! तिचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात घंटा झाली, पोरं धबाधबा आत आली. खरं तर त्यानं आता निघायला हवं होतं. पण बोर्ड नीट चालतोय का ते बघायला नको का, असं म्हणत स्वारी मागच्या बाकावर जाऊन बसली.

शहरातल्या शाळांना बोर्डासोबत प्रत्येक मुलासाठी एकेक छोटा रिमोट मिळाला होता. प्रश्न बोर्डावर आला की मुलांनी गुपचूप उत्तराचं बटण दाबायचं. किती जणांचं बरोबर, किती जणांचं चूक ते समोर दिसे; कोण चुकलं ते मात्र वर्गाला कळत नसे. तिनं विचारलं, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? अर्ध्याहून जास्त वर्ग चुकला, आणि बाई चक्क खूश झाल्या! इतकी वर्षं "समजलं का?" विचारलं की सगळे एका सुरात "हो बाई" म्हणायचे. आज पहिल्यांदा खरं काय ते कळलं होतं. तिनं कागदाच्या पट्ट्या काढल्या, घड्या घातल्या, मुलांनाही घालायला लावल्या आणि प्रश्न पुन्हा टाकला. बरोबर उत्तरांचा आकडा सरसर वर चढला. वर्गानं एकच गिल्ला केला.

"एकच उत्तर चुकलंय," ती म्हणाली. "कोण बरं?"

मागच्या बाकावर कुणीतरी जास्तीचा रिमोट घाईघाईनं दप्तराखाली सरकवला. त्याचे कान लाल झाले होते.

त्या दिवसापासून बोर्डाला कसलीही खोट नव्हती. खोट होती ती बाईंच्या मनात! आठवड्याभरात तिनं तक्रार नोंदवली: आवाज बारीक येतो. तो आला. मग रंग फिके दिसायला लागले. तो पुन्हा आला. मग बोर्ड डावीकडे कलल्यासारखा वाटू लागला...

"किंचित कललाय खरा," तो डोळे बारीक करून म्हणाला.

"हो ना? मला वाटलंच."

"पण तुम्ही जिथून बघता तिथूनच दिसतो तो. जरा सरका बघू." तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. दोघं मान वाकडी करून एका सरळ बोर्डाकडे बघत राहिली. जाताना त्यानं नेहमीप्रमाणे लिहिलं: दुरुस्त केला.

आणि मग एका सकाळी मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, धापा टाकत वर्गात आल्या. "अगं, बोर्ड काढून नेतायत! रिमोटसुद्धा! शहरात सगळ्यात जास्त बिघाड म्हणे आपल्याच शाळेत. यंत्रं टिकतील अशा शाळेला देणार. बोर्ड वाटणाऱ्या खात्याचे साहेब कार्यालयात येऊन बसलेत."

तिची नजर खिडकीजवळच्या मुलीवर गेली. सगळे तिला 'मुकी' म्हणायचे. रिमोटवर रोज बरोबर उत्तरं देता देता गेल्या आठवड्यात त्या पोरीनं आपणहून हात वर केला होता. आता हे सगळं जाणार होतं, आणि ते घालवणारी दुसरी तिसरी कुणी नव्हती.

कार्यालयात साहेबांसमोर तोही उभा होता, खाली मान घालून. खरं बोलावं तर त्याची नोकरी धोक्यात, न बोलावं तर पोरांचा बोर्ड गेला. तिनं डोळे मिटले.

"साहेब, बोर्ड एकदाही बिघडला नाही. पहिल्या दिवशी मीच बटण दाबलं नव्हतं. पुढच्या सगळ्या तक्रारी खोट्या. यांची काही चूक नाही."

"खोट्या? कशासाठी?"

"हे... यावेत म्हणून."

मोठ्या बाईंनी आ वासला.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "मलाही ठाऊक होतं. नसलेले बिघाड मीच दुरुस्त करत होतो. तिथून पाय निघत नव्हता माझा."

साहेबांनी कपाळ चोळलं. मग उठले आणि सातवीच्या दारात जाऊन उभे राहिले. आत पोरं बाईंची वाट न बघता बोर्डावर स्वतःच प्रश्न टाकत होती, आणि खिडकीजवळची ती मुलगी पट्टीला घड्या घालून दोघा मुलांना तावातावानं समजावत होती. साहेब बराच वेळ बघत राहिले.

"बोर्ड इथंच राहील," ते म्हणाले आणि मागून आलेल्या त्या तरुणाकडे वळले. "पण तुझी बदली नदीपलीकडच्या शाळांवर. या शाळेची तक्रार यापुढे तुझ्याकडे येणार नाही. आणि पुन्हा खोटं लिहिलंस तर घरी बसशील."

बाईंना आनंदानं नाचावंसं वाटत होतं आणि रडूही येत होतं. तो पिशवी उचलून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटली. ती फाटकाबाहेर आली आणि थबकली. समोर तो उभा होता. पिशवी नाही, हत्यारं नाहीत, आणि रिकाम्या हातांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं.

"आज तर मी तक्रार केली नव्हती," ती म्हणाली.

"म्हणून तर आलो. आज तक्रार माझी आहे." तो एक पाऊल पुढे आला. "तुमच्याशिवाय... करमत नाही मला. अजिबात!"

"कधीपासून?"

"ते डस्टर बघितल्यापासून."

ती खळखळून हसली, त्याचा हात धरला आणि भर रस्त्यात त्याला म्हणाली, "हे मात्र दुरुस्त करायचं नाही हं."