चार फुटांची चूक

पहिल्याच दिवशी मी त्याला कोंडलं… मुद्दाम नव्हे. मोठ्या बंगल्याच्या एकतीस खोल्यांची कुलपं काढायची-लावायची हे माझं काम. बाबा तिथले राखणदार, पण त्यांच्या गुडघ्यांना आता जिना झेपत नव्हता. मालकांच्या वारसांनी ती सगळी जागा बागेसकट एका शाळेला विकली होती आणि शाळेने मापं घ्यायला माणूस पाठवला होता. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं; तो आत असताना मी बाहेरून कुलूप लावून मोकळी झाले. अर्ध्या तासाने आतून हळूच टकटक झाली.

"किल्लेदारीणबाई, माझा गुन्हा तरी सांगा."

हातात टेप, केसांत जळमटं. मी हसले आणि तिथेच फसले.

मग तो रोज यायचा. टेपचं एक टोक मला धरायला द्यायचा, आकडा वहीत लिहायचा आणि इथे तिसरीचा वर्ग, तिथे प्रयोगशाळा असं सांगत सुटायचा. टेप गुंडाळत तो जवळ जवळ येत राही… टेप संपली तरी आधी मागे कुणीच सरत नसे. बाबांचा तर त्याच्या मापावर भारी विश्वास.

मोजायच्या खोल्या संपत आल्या. माडीवरच्या गाण्याच्या खोलीची किल्ली मी पिठाच्या डब्यात लपवली आणि सापडत नाही म्हणून सांगितलं. तेवढ्यासाठी तरी त्याला पुन्हा यावं लागलं असतं.

"शोधून ठेव, घाई नाही," म्हणत तो गालात हसला.

पण तीन आठवडे तो आलाच नाही. आलं ते शाळेचं पत्र. शाळेची बस फाटकातून आत यायची होती आणि नकाशाप्रमाणे फाटकालगतच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरापाशी रस्ता चार फूट कमी पडत होता. नकाशा मंजूर झाला होता. घर पाडायचं ठरलं.

बाबांनी पत्र दोनदा वाचलं. "त्यानं मोजलंय म्हणजे बरोबरच असणार," म्हणाले.

घर पडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तो धापा टाकत आला. आम्ही सामान बांधून बंगल्याच्या व्हरांड्यात काकांच्या टेम्पोची वाट बघत होतो. त्याने मला विहिरीमागे नेलं.

"रस्ता पुरेसा होता," तो म्हणाला. "मीच आकडा मुद्दाम कमी लिहिला. चूक सापडली असं सांगून परत मोजायला आलो असतो… तुझ्याकडे. पण मला दुसऱ्या कामावर धाडलं आणि कागद पुढे गेले."

"मग कळवलं का नाही?"

"नोकरी जाईल म्हणून… आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो."

मी त्याला किल्लीचं सांगितलं. "मी किल्ली लपवली, तुम्ही चार फूट लपवले. माझ्या लबाडीनं कुणाचं छप्पर गेलं नाही, एवढंच."

बाबांना सगळं सांगतो आणि मग तुला मागणी घालतो, असं तो म्हणाला. मी व्हरांड्याकडे पाहिलं. माप बरोबर होतं, एवढ्या समाधानावर बाबांनी तीस वर्षांचं घर सोडलं होतं. तो आधार कसा काढून घेऊ? आणि त्यांच्यापासून लपवून संसार तरी कसा करू? माझं त्याच्यावर प्रेम होतं. आजही आहे.

"नका सांगू," मी म्हटलं. "आणि परत येऊ नका."

टेम्पोत चढताना बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "माप असंच चोख ठेव, बाळा." त्याने मान वर केली नाही.

गाण्याच्या खोलीत आता पहिलीचा वर्ग भरतो म्हणे. कुलूप तोडलं असेल. किल्ली अजून माझ्या पिठाच्या डब्यातच आहे. पीठ संपत आलं की हाताला लागते.