नेटाबाईंची सहाची हजेरी

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. मी कुणाला पटवायला बसलेली नाही. पण हे माझ्या घरात घडलंय, माझ्या डोळ्यांदेखत, आणि यातलं एक अक्षर मी पदरचं घातलेलं नाही.

बुधवार, १२ जुलै २०२३. टास्मानियाच्या दक्षिण किनाऱ्यावरची आमची वस्ती, उणीपुरी चाळीस घरं. वेळ संध्याकाळचे सहा.

म्हणजे मिट्ट काळोख. जुलै म्हणजे इथला हिवाळा, पाचलाच दिवस संपतो.

आधी माझ्या नवऱ्याबद्दल सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. अँगस पायबस. दिवसा सॅमन माशांच्या शेतावर यंत्रं दुरुस्त करतो आणि उरलेल्या वेळात लष्कराच्या भाकऱ्या भाजतो. त्याने एक प्रोग्राम सांभाळायला घेतलाय. फुकट, कुणीही वापरावा असा. त्याला तो 'पूल' म्हणतो. कुणी एका ॲपवर बोलतं, कुणी दुसऱ्यावर, कुणी भलत्याच जुनाट सोयीवर. हा पूल एकीकडचा निरोप उचलतो आणि बाकी सगळीकडे पोचवतो. जगभरातले लोक तो वापरतात आणि बिघडला की यालाच शिव्या घालतात. सोबतीला फिजीतला इलायसा. दोघं एकमेकांना प्रत्यक्ष कधी भेटलेले नाहीत, तरी अँगस माझ्यापेक्षा त्याच्याशी जास्त बोलतो.

आमच्या वस्तीची हजेरी याच पुलावरून चालायची, आमच्या जिन्याखाली ठेवलेल्या यंत्रावर.

काही वर्षांपूर्वी इथला एक म्हातारा खुब्याचं हाड मोडून चार दिवस घरात पडून होता. तेव्हापासून ठरलं, की एकट्याने राहणाऱ्या प्रत्येकाने संध्याकाळी सहाला एक ओळ लिहायची. सातपर्यंत ओळ आली नाही तर वस्तीतलाच डेस वूली गाडी काढून त्याचं दार ठोठावणार. ओळ आली तर कुणी कुणाच्या वाटेला जायचं नाही. इथल्या माणसांना तेच बरं वाटतं.

नेटाबाई ब्रॅडफील्ड, वय वर्षं एक्याऐंशी. खडीच्या रस्त्याचं शेवटचं घर. फोनवरची बारकी अक्षरं त्यांना दिसायची नाहीत. म्हणून त्या जुन्या कॉम्प्युटरवर, काळ्या पडद्यावरच्या मोठ्या हिरव्या अक्षरांत लिहायच्या. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची ती नुसत्या अक्षरांची गप्पांची सोय. अँगस तिला 'जुनं दार' म्हणायचा.

त्यांची रोजची ओळ एकच. "केटली ठेवली. नेटा."

मी लग्न होऊन इथे आले तेव्हा सगळ्यात आधी ही बाई आली होती, हातात शिंपल्यांचं सारण भरून भट्टीत भाजलेला 'पाय' घेऊन. मी ताटलीकडे बघत बसले तेव्हा म्हणाली, "खा गं, विष नाही घातलेलं." मी मूळचीच शंकेखोर. माझी आई म्हणायची, हिला प्रसाद दिला तरी ही आधी वास घेईल.

जूनमध्ये अँगस आणि इलायसाने पुलाची नवी आवृत्ती काढली. जुनं दार दर आठवड्याला मोडतं आणि आता ते वापरतंय कोण, असं दोघांचं मत पडलं. शुक्रवारी, २३ जूनला दुपारी चार वाजता त्यांनी ते कायमचं काढून टाकलं.

"आणि नेटाबाई?" मी विचारलं होतं.

"सूचना टाकलीय ना. डेस त्यांना फोनवरचं ॲप लावून देईल."

झालं. मीही विसरले.

तर १२ जुलै. मी कांदा चिरत होते. ओट्यावर फोन वाजला. हजेरी.

आमच्या गटात प्रत्येक नावापुढे एक छोटी खूण यायची. निरोप कुठल्या दाराने आला ते कळावं म्हणून पूलच ती लावायचा. फोनवाल्यांना टिंब. कॉम्प्युटरच्या ॲपवाल्यांना चौकोन.

नेटाबाईंच्या नावापुढे होती... जाळी.

जाळी म्हणजे जुनं दार.

"अँगस, ते दार बंद केलंस ना रे? मग नेटाबाई तिथूनच कशा बोलतायत?"

त्याने मान वर केली नाही. "शक्यच नाही."

"हे बघ."

त्याने बघितलं. बघतच राहिला. मी फोन काढून घेतला आणि मागे मागे जायला लागले. काल, परवा, तेरवा... रोज सहाला. २३ जूनपासून वीस ओळी आणि वीसही जाळीच्या.

मनात पाल चुकचुकली. हा माणूस परक्याच्या प्रोग्राममधला चुकलेला स्वल्पविराम पकडतो. आणि वीस दिवस याला ही खूण दिसली नाही?

तेवढ्यात दुसरं काहीतरी दिसलं. सुरुवातीला होतं, "केटली ठेवली. नेटा." मग आठवड्याभराने नुसतं, "केटली ठेवली." नाव नाही. मग, "ठेवली." आणि त्या दिवशीची ओळ...

"ठे"

वस्तीत कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. रोजची ओळ वाचतं कोण? आली की झालं.

अँगसने इलायसाला व्हिडिओवर धरलं. "खरं सांग, तू मागे कुठे फट ठेवलीस का?"

"मी? बाबा रे, ते दार तू काढलंस. मी फक्त मान डोलावली. तिथे आता नुसती भिंत आहे."

"मग हे काय आहे?"

"मला काय विचारतोस? यंत्र तुझ्या जिन्याखाली आहे. वायर काढ. काही अडकलं असेल तर मरेल."

अँगसने जिन्याखालचं कपाट उघडून वायर उपटली. हिरवा दिवा विझला. पंखा घरघरत थांबला. मग तो म्हणाला, "लाकडं आणतो," आणि मागच्या दाराने बाहेर गेला.

मी नेटाबाईंच्या घरी फोन लावला. वाजत राहिला... वाजत राहिला...

कुणी उचलला नाही.

आणि तेव्हा मला ऐकू आली...

शिट्टी.

शिट्टीच्या केटलीत पाणी उकळल्यावर येते तशी. बारीक. मग चढत गेलेली. आमची केटली विजेची आहे, ती शिट्टी मारत नाही. आवाज येत होता जिन्याखालच्या कपाटातून. बंद यंत्राकडून.

मी कपाटाकडे बघत उभी राहिले.

माझा फोन वाजला. सहा वाजून चाळीस मिनिटं. पूल बंद. वायर जमिनीवर. आणि पडद्यावर जाळी.

"पाणी तापत नाही."

शिट्टी थांबली.

अँगस लाकडं घेऊन आत आला. "काय झालं? अशी काय उभी आहेस?"

"ऐकलंस?"

"काय?"

मी डेसला फोन केला. तो जेवत होता. माझ्या नावाचं इथल्या जिभांनी व्रिंडा केलंय. "तिची ओळ आलीय ना व्रिंडा? मग म्हातारीला कशाला छळतेस? मागल्या खेपेला ओळ आल्यावर गेलो तर तिने मला बूट फेकून मारला होता."

"डेस, गाडी काढ. पाया पडते तुझ्या."

तो बडबडत निघाला. आम्ही त्याच्या मागोमाग.

घरात काळोख होता. फक्त बाहेरच्या खोलीत हिरवट उजेड. डेस आधी आत गेला, मग अँगस. अँगसने मला दारातच अडवलं, पण मी त्याच्या हाताखालून बघितलं. खुर्चीत त्या होत्या. अंगावर विणलेली शाल, मान पडद्याकडे. त्यांच्याबद्दल एवढंच सांगते. घर बर्फासारखं थंड होतं. डॉक्टर नंतर म्हणाले, तीन आठवडे होत आले असतील.

पडद्यावर शेवटच्या चार ओळी होत्या. बाजूला तारीख, २३ जून.

६:०१ केटली ठेवली. नेटा.

६:०९ छातीत कसंतरी होतंय. डेसला सांगा.

६:१४ कुणी आहे का?

६:२० अँगस, तू वाचतोस ना रे?

त्यानंतर काही नव्हतं. आम्हाला आलेल्या बाकीच्या ओळी त्या पडद्यावर नव्हत्याच. दूरध्वनी स्वयंपाकघरात होता, दहा पावलांवर. तेवढीसुद्धा त्यांना चालवली नसणार.

स्वयंपाकघरात चुलीवर केटली. शिट्टीची. चूल बंद. डेसने केटलीला हात लावला... आणि झटकन मागे घेतला.

"काय झालं?"

"काही नाही. थंड आहे."

थंड केटलीवरून कुणी असा हात काढत नाही. मी त्याला नंतर तीनदा विचारलं. तीनदा त्याने विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अँगससमोर बसले. "सूचना टाकली होतीस ना? दाखव."

त्याने दाखवली. स्वच्छ लिहिलेली, नम्र सूचना. जुनं दार बंद होत आहे, कृपया दुसरी सोय करून घ्या. वेळ, शुक्रवारी सव्वाचार.

दार बंद झालं होतं चारला.

सूचना पुलावरूनच गेली होती. बाकी सगळ्या दारांतून. ज्या बाईचं दार बंद केलं तिला सोडून सगळ्या वस्तीला ते कळलं होतं.

अँगस टेबलावर डोकं ठेवून रडला. हमसून हमसून. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मला त्याची कीव आली, खरंच आली. फुकट राबणाऱ्या माणसाच्या हातून पंधरा मिनिटांची चूक झाली होती.

दुपारी मला इलायसाचा फोन आला. मला. आधी कधीच आला नव्हता.

"व्रिंडा, अँगस जवळ आहे का?"

"नाही. झोपलाय."

"पुलाची एक रोजनिशी असते. कुठून काय आलं, कुठे गेलं, सगळं तिच्यात उतरतं. ती मला पाठव. त्याला सांगू नकोस."

"का?"

"त्या खुणा पूल लावतो. पुलाची किल्ली ज्याच्याकडे असेल, तो कुणाच्याही नावाने ओळ टाकू शकतो. त्याला यंत्रसुद्धा लागत नाही, खिशातला फोन पुरतो. तुमच्या पुलाची किल्ली माझ्याकडे नाही. एकाकडेच आहे."

"त्याने असं का करावं?"

"दार काढल्यावर त्या संध्याकाळी तिची ओळ आली नसती आणि तिचं नाव हजेरीच्या यादीत लाल झालं असतं. लोक ओरडले असते, तू मोडलंस म्हणून. अशा वेळी आम्ही काय करतो माहितीये? ठिगळ लावतो, ओळ आपोआप पडत राहील असं. आजची वेळ निभावते. सोमवारी नीट करू म्हणतो. आणि तो सोमवार येतच नाही."

मी भांडले. "ठिगळ रोज तीच ओळ टाकेल ना? ओळ अशी तुटत तुटत कशी जाईल?"

"हाताने टाकली तर जाईल," इलायसा म्हणाला. "रोज लिहायचा कंटाळा आला तर. किंवा सांगवत नसेल तर. मला माहीत नाही, व्रिंडा. मी त्याला भाऊ मानतो. म्हणून तर रोजनिशी मागतोय."

मी यंत्र सुरू केलं. रोजनिशी कुठे असते ते अँगसनेच मला एकदा दाखवलं होतं. जानेवारी होता. मे होता. जून बावीसपर्यंत होता.

पुढचं... कोरं.

"काय शोधतेयस?"

अँगस मागे उभा होता. कधीपासून ते माहीत नाही.

"पुसलं मी," तो म्हणाला. "रात्री. त्या ओळी बघवेनात. ती मला हाक मारत होती, व्रिंडा."

"पण त्या हाकेच्या ओळी पुलावर आल्याच नव्हत्या, अँगस. दार बंद होतं. मग कुठल्या ओळी पुसल्यास?"

त्याने जॅकेट चढवलं आणि लाकडं आणायला बाहेर गेला.

पोलिसांनी नैसर्गिक मृत्यू लिहिलं. गटात कुणी काय लिहिलं त्यात त्यांना रस नव्हता. अँगसने पूल सोडला, आता तो इलायसा एकटा सांभाळतो. मला त्याचा पुन्हा फोन आला नाही. हजेरीही बंद झाली. डेस रोज गाडीने घरोघर फिरतो, ओळ नाही, खूण नाही, सरळ दार ठोठावतो. अँगस माझ्याशी पूर्वीपेक्षा जास्त प्रेमाने वागतो. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण दुःखी माणूसही असाच मऊ होतो. यातलं कुठलं, ते मला अजून ओळखता येत नाही.

मी त्याला एकदाच विचारलं. "तू लिहिल्यास का त्या ओळी?"

"नाही," तो म्हणाला. लगेच. माझ्याकडे न बघता.

मग मी माझ्याशीच हिशेब करते. पाणी तापत नाही, ही ओळ आली तेव्हा पूल बंद होता. पण अँगस बाहेर होता आणि फोन त्याच्या खिशात होता. त्याचे हात मी पाहिलेले नाहीत. शिट्टी मी ऐकली, पण फक्त मीच. केटली गरम होती की थंड, ते डेसला ठाऊक, आणि डेस बोलत नाही.

माझी मैत्रीण म्हणाली, "अगं, एवढं भुताटकीचं घर, सोडून का देत नाहीस? भीती नाही वाटत?"

वाटते.

मी रोज संध्याकाळी दिवा लावते आणि हात जोडून एकच मागते. देवा, ती शिट्टी खरी असू दे. ते भूतच असू दे. कारण ते भूत नसेल, तर वीस संध्याकाळी मेलेल्या बाईच्या नावाने हजेरी लावणारा माणूस रोज माझ्या शेजारी झोपतो.