फुलदाणीतला श्वास

काचेचा फोटो काढायचा म्हणजे काच सोडून बाकी सगळ्यांची तोंडं झाकायची. काच भारी चोंबडी. खोलीत जे असेल ते पोटावर मिरवते. म्हणून वॉलेसने भर सकाळी खिडक्यांना काळं कापड ठोकलं होतं, स्वतः काळा स्वेटर न् काळे हातमोजे चढवले होते, आणि जुन्या लाकडी कॅमेऱ्यापुढे काळा पडदा टांगून त्याला भिंगापुरतं भोक ठेवलं होतं. फुलदाणीमागे दुधी कागदाआड एकच दिवा. वांगानुईतला जुलै म्हणजे ऐन हिवाळा, पण हीटर लावला की धूळ उडते, म्हणून तोही बंद. बोललं की तोंडातून वाफ निघत होती.

वॉलेसच्या तोंडातून जरा जास्तच. तो भडकला होता.

फोटो काढायच्या सहाही फुलदाण्या थेल्माने नळीतून तापल्या काचेत श्वास फुंकून घडवलेल्या. वीस वर्षं ती डेसमंडच्या काचभट्टीवर राबली आणि एप्रिलमध्ये गेली. जाण्याआधी म्हणाली होती, "वॉली, यांचे फोटो तूच काढ. बुडाला माझं नाव आहे, तेवढं लोकांना कळू दे." अंत्यविधीला सगळ्यांत मोठा पुष्पहार डेसमंडचा होता. त्यावर थेल्माचं नाव सोनेरी अक्षरांत होतं. तेवढ्यापुरता तो दिलदार.

आज पुसता पुसता वॉलेसने फुलदाणी उलटी केली. बुडाला हिऱ्याच्या कणीने कोरलेलं 'थेल्मा' घासून गुळगुळीत केलेलं. शेजारी ताजं, ठसठशीत 'डेसमंड'. या फोटोंचं पुस्तकही त्याच नावाने निघणार होतं.

"लाज वाटते का रे?"

"भट्टी माझी, काच माझी," स्टुलावरचा डेसमंड वाफ सोडत म्हणाला. "तू बटण दाब, म्हाताऱ्या."

चाचणीचा झटपट फोटो निघाला. फुलदाणीच्या खांद्याशी धुरकट डाग.

"टक्कल चमकतंय तुझं. झाक ते."

वॉलेसने काळी कानटोपी घातली. दुसऱ्या फोटोत डाग पोटापर्यंत उतरला. त्याने पडदा तपासला, भिंग पुसलं, फुलदाणी आतून-बाहेरून पुसली. डोळ्यांना काच पाण्यासारखी नितळ दिसत होती. तिसऱ्या फोटोत डाग काचेच्या आत होता. थंडीत तावदानावर कोणी 'हाः' करावं, तसा.

वॉलेसने फोटो डेसमंडच्या नाकापुढे धरला. "कोणाचा हा श्वास, सांग ना! तिचं नाव छापणार असशील तर पुढचा फोटो. नाहीतर मी निघालो."

डेसमंड तरातरा उठला आणि फुलदाणीच्या तोंडाशी तोंड नेऊन ओरडला, "ती नुसती नळी धरायची! यातला श्वास न् श्वास माझा आहे!"

"शपथेवर?"

"शपथेवर! माझा!"

काच बारीक किणकिणली.

डेसमंड बाजूला झाला तसा वॉलेसने चौथा फोटो काढला. फुलदाणी काठोकाठ पांढरी.

त्याने पडद्यावरून डोकावून पाहिलं. आता डोळ्यांनाही तेच दिसत होतं. आतलं पांढरं हळूहळू फिरत होतं.

"मुद्दाम बिघडवलास तू!" डेसमंड हातभर अंतरावरून किंचाळला. चेहरा लालबुंद. थेल्माला शिव्या, कॅमेऱ्याला शिव्या, वॉलेसच्या आईला शिव्या.

वॉलेसचा राग कुठल्या कुठे गेला. तो डेसमंडच्या तोंडाकडे बघत राहिला. शब्द येत होते. थुंकीही उडत होती.

दिव्याच्या उजेडात, दोघांच्या मध्ये, वाफ तरंगत होती. एकट्या वॉलेसची.