वाघझरीची विनंती

जेवणाचा डबा उघडतानाच शरयू मुळीकच्या फोनवर वहिनीचं नाव आलं. शरयू जिल्ह्याच्या औषध-ड्रोन केंद्रात प्रोग्रॅमर होती.

"ताई, आईंना फुरसं चावलंय. उपकेंद्रातल्या सिस्टरनं तासापूर्वीच इंजेक्शन मागवलंय. 'ड्रोन निघाला' असंच दाखवतंय, पण येतोय कुठं?"

शरयूनं खिडकीबाहेर पाहिलं. सहाही ड्रोन आपापल्या जागी उन्हात बसून होते.

ही यंत्रणा तिनंच बांधलेली. गावाकडून आलेली विनंती एकामागून एक नाके ओलांडत ड्रोनपर्यंत पोचायची. प्रत्येक नाक्यावर एक छोटी आज्ञावली बसवलेली, तिला ही मंडळी 'कृती' म्हणत. विनंतीला पुढं सोडायचं, दुसरीकडं वळवायचं, की तिथंच उत्तर देऊन थांबवायचं, हे कृती ठरवी. सिस्टरची विनंती पहिल्याच नाक्यावर थांबली होती. शरयूनं ती कृती उघडली. लिहिणाऱ्याच्या जागी तिचंच नाव होतं.

चाचणीच्या दिवसांत खोट्या विनंतीवर खरा ड्रोन उडू नये, म्हणून तिनं लिहिलं होतं: गाव वाघझरी असेल, तर 'ड्रोन निघाला' एवढं उत्तर द्यायचं आणि थांबायचं. कुठलंतरी गाव हवं होतं. सगळेच आपापलं घालतात. तेव्हा डोंगरापलीकडं, तिच्या वाघझरीत, ही सेवा नव्हतीच. पुढं ती पोचली आणि कृती मात्र तशीच राहून गेली.

तिनं कृती काढून टाकली. विनंती पुन्हा सोडताना बोटं दोनदा चुकली. तिसऱ्या खेपेला ड्रोन उठला. वीस मिनिटं ती फोन कानाला लावून उभी राहिली. आईला काही झालं तर ते आपणच केलेलं असेल, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

"आला बघा," वहिनी म्हणाली. "सिस्टर सुई लावतायत. आई बोलतायत."

शरयू रडली.

"ताई, एक विचारू?" वहिनीचा आवाज खाली आला. "मार्गशीर्षात शेजारच्या बायजाकाकूंसाठी मागवलं होतं, तेव्हाही असंच दाखवत होतं. धुक्यात वाट चुकला असेल म्हणून आम्ही गप्प बसलो. काकू गेल्या. आज ड्रोन उतरताना काकांनी पाहिला. इथंच उभे आहेत. विचारतायत, त्या दिवशी तो कुठं अडला होता. काय सांगू त्यांना?"