स्वरकुलूप

कोल्हापुरात विश्वास घोरपडेच्या घरामागच्या पडवीत धातू कोरणारं, संगणकावर चालणारं एक छोटं मिलिंग मशीन होतं, आणि त्याचं कटर पुन्हा गळून पडलं होतं. उपग्रहाच्या बिजागरीसाठी आणलेल्या टायटॅनियमवर चरा उमटला. असा हा तिसरा तुकडा वाया गेला. विश्वासच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, कारण तिन्ही वेळा नजीर मुजावर पडवीत हजर होता.

नजीर धातुतज्ज्ञ आणि शाळेपासूनचा दोस्त. दर वेळी पान्यानं कटर बदलायचा कंटाळा आला, म्हणून दोघांनी मिळून ही नवी पकड बनवली होती. स्प्रिंगा कटर ओढून धरत. नजीरनं दिलेली स्मृतिधातूची कांडी विजेनं तापली, की आपला जुना आकार आठवून लांब होई आणि स्प्रिंगा दाबून कटर मोकळं करी. विश्वासनं तिला स्वरकुलूप जोडलं. मशीन थांबलेलं असताना विश्वासच्याच आवाजात ‘सोड’ ऐकू आलं, तरच कांडी तापणार.

“आज तू त्या खुर्चीत बसायचं,” विश्वास म्हणाला. “मशीनजवळ यायचं नाही.”

नजीर बसला. “पण ते माझं ऐकतंय कुठं? मी घसा फाडून ओरडलो तरी कांडी तापायची नाही.”

“माझा आवाज मोबाइलमध्ये भरून घेतला असशील.”

“भरलेला आवाज तुझं कुलूप नाकारतं, जिवंत गळा लागतो. छातीठोकपणे तूच सांगितलंस ना?”

“मग तुझ्या धातूत खोट असेल.”

“तापल्याशिवाय तो हलत नाही, आणि आज्ञेशिवाय तापत नाही.”

सकाळ अशीच गेली. एरवी फुटबॉलवरून, नाहीतर तांबड्या रश्श्याच्या तिखटावरून दोघांची जुंपलेलीच असायची. आज विश्वास तोलूनमापून बोलत होता. मशीन चाललं, थांबलं, पुन्हा चाललं. कटर जागचं हललं नाही. बिजागरी सुरेख उतरली.

“बघितलंस? तू लांब बसलास, आणि पडलं नाही.”

नजीरचा चेहरा उतरला. “चोर सोडून संन्याशाला फाशी देतोयस, विश्वास.” तो उठला आणि चपला घालू लागला.

विश्वासची बायको सुलभा चहा घेऊन आली. “नजीरभाऊ, चहा तरी घ्या.”

“नको वहिनी. आता या घरचा चहा घशाखाली उतरायचा नाही.”

असा चहा न पिता नजीर कधीच गेला नव्हता. त्यानं मुद्दाम पाडलं असेल तर असू दे, असं विश्वासला वाटलं. वाया गेलेलं टायटॅनियम पुन्हा आणता येईल. त्यानं दारातच नजीरचा हात धरला आणि दर भांडणाच्या शेवटी म्हणायचा तेच म्हणाला, “जाऊ दे लेका. सोड.”

मागं ठण्ण आवाज झाला. कटर तयार बिजागरीवर पडलं होतं.

नजीरनं चपला काढल्या आणि सुलभाच्या हातातला कप घेतला.

“आज सकाळपासून तू माझ्याशी भांडण मिटवलं नव्हतंस,” तो म्हणाला. “म्हणून टिकलं होतं ते.”